परक्या देशातल्या पहिलटकरणीसाठी

मला परदेशात येऊन तेरा वर्षे झाली. माझे पहिले बाळंतपण येथे आल्यानंतर दुसऱ्याच वर्षी झाले. कोणती गोष्ट कोणाला विचारायची हे तेव्हा मला ठाऊक नव्हते, आणि पुढे नव्याने आलेल्या कितीतरी जणींना मी नेमक्या त्याच ठिकाणी अडखळताना पाहिले, म्हणून हे लिहीत आहे.

दिवस राहिल्याचे कळताच त्याच आठवड्यात नावनोंदणी करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या शिफारशींनुसार पहिली तपासणी १२ आठवड्यांच्या आत आणि संपूर्ण गर्भारपणात किमान ८ तपासण्या व्हायला हव्यात. फॉलिक ॲसिडची रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी तर दिवस राहण्याआधीपासूनच घ्यायची असते. मधुमेह असल्यास किंवा फिट्सची औषधे चालू असल्यास मात्रा वेगळी लागू शकते, तेव्हा ती डॉक्टरांनीच ठरवावी. विम्यात बाळंतपणासाठी प्रतीक्षा कालावधी आहे का, हे मूल होऊ देण्याचा विचार सुरू होताच पाहून ठेवावे.

पहिल्या भेटीला मायदेशातील कागद सोबत न्यावेत: रक्तगट, लसींची नोंद, पूर्वीच्या शस्त्रक्रिया आणि चालू औषधे. औषधाचे बाजारातील नाव येथे कोणालाच ओळखू येत नाही, म्हणून त्यातील मूळ घटकाचे नाव आणि मात्रा लिहून न्यावी. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगावे, कारण त्यासाठीचे अँटी-डी इंजेक्शन साधारण २८व्या आठवड्यात आणि बाळ आरएच पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत द्यावे लागते. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी पती-पत्नी दोघांची झाली आहे का, हेही विचारावे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

तारखांच्या बाबतीत विशेष जपावे. मी शेवटच्या पाळीची तारीख ५/८ अशी लिहिली होती. महिना आधी लिहिण्याची सवय असलेल्या कर्मचाऱ्याने ती ८ मे अशी वाचली, आणि मला तीन महिने पुढच्या तपासणीची वेळ देण्यात आली. महिना नेहमी अक्षरी लिहावा. बोलतानाही महिन्यांऐवजी आठवडे सांगावेत, आणि ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले जातात हे ध्यानात ठेवावे.

नोकरीत येथील भाषा सफाईने बोलणाऱ्या स्त्रियाही तपासणीच्या खोलीत गप्प होतात, कारण कळ, चमक, ठणका आणि ओढ यांतला फरक आपल्याला आपल्याच भाषेत सांगता येतो. दुभाष्याची मागणी करण्यात कसलाही कमीपणा नाही. ती नावनोंदणीच्या वेळीच करावी. पतीला दुभाषी करू नये. तो घाबरलेला असतो, ऐकलेले नकळत सौम्य करून सांगतो, आणि काही प्रश्न त्याच्यासमोर विचारताही येत नाहीत.

काही देशांत गुंतागुंत नसलेले गर्भारपण प्रशिक्षित सुईणीच सांभाळतात आणि सोनोग्राफी मोजक्याच वेळा होते. आपल्यातील अनेकांना हे दुर्लक्ष वाटते, आणि नव्या मुलीच्या मनात ते हीच शंका भरवतात. माझ्या अनुभवात ज्या सुईणीने अर्धा तास बसून माझे ऐकले, तिच्याकडून मला सर्वाधिक शिकायला मिळाले. माहितीसाठी तिची पत्रके, रुग्णालयाचे प्रसूतिपूर्व वर्ग आणि त्या देशाच्या सरकारी आरोग्य विभागाची पाने हे आधार पुरेसे आहेत. इतर काही वाचताना लेखकाची पात्रता, शेवटची दुरुस्ती कधी झाली आणि खाली काही विकायला ठेवले आहे का, हे आधी पाहावे.

आता ज्या चुकीची किंमत मी मोजली, ती सांगते. ३७व्या आठवड्यात एका संध्याकाळी बाळाची हालचाल मंदावली. मी रुग्णालयाला फोन करण्याऐवजी येथील आपल्या ओळखीच्या बायकांना विचारले, आणि चौघींनी एकच उत्तर दिले, की शेवटी जागा कमी पडते, त्यामुळे बाळ कमी हलते. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण ही समजूत चुकीची आहे. हालचालीचा प्रकार थोडा बदलला तरी प्रसूतीपर्यंत, किंबहुना कळा सुरू असतानाही, बाळ हलत राहिले पाहिजे. मी रात्रभर थांबले. सकाळी तातडीची शस्त्रक्रिया झाली आणि माझे बाळ अकरा दिवस अतिदक्षता विभागात राहिले. ते वाचले, तरी त्या अकरा दिवसांतील एकही रात्र मी विसरलेले नाही. हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट पाहू नका, कोणाला विचारत बसू नका आणि घरी ठोके ऐकण्याच्या यंत्रावर विसंबू नका, कारण ठोके ऐकू आले म्हणजे बाळ ठीक आहे असे ठरत नाही. त्याच क्षणी प्रसूती विभागाला फोन करा. रक्तस्राव, पाणी जाणे, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक, चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक आलेली सूज, तसेच पुरळ नसताना तळहात-तळपायांना सुटणारी खाज, यांबाबतही हेच करावे.

त्या विभागाचा चोवीस तासांचा क्रमांक पहिल्याच भेटीत मागून घ्यावा आणि तो दोघांच्याही फोनमध्ये असावा. दुसऱ्या बाळंतपणात मी त्या क्रमांकावर चार वेळा फोन केला. तीन वेळा सर्व काही ठीक निघाले, एकदा मला दोन दिवस ठेवून घेतले, आणि चारही वेळा पलीकडून आधी हेच ऐकू आले की फोन केलात हे बरे केलेत.