स्क्लेरोझिंग न्यूमोसायटोमा: फुप्फुसाची गाठ वाचताना या चुका टाळा

निफाडकडच्या पन्नाशीतल्या एक बाई. पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे काढला, तर फुप्फुसात नाण्यासारखी गोल गाठ. ना खोकला, ना ताप. मी पॅथॉलॉजिस्ट; बायोप्सी नाशिकला माझ्या टेबलावर आली: धाग्याएवढे दोन तुकडे. बोटांसारखे उंचवटे, त्यावर घनाकार पेशींचा थर, टीटीएफ-१ आणि नॅप्सिन-ए (पेशीतली प्रथिनं दाखवणारे स्टेन) दोन्ही ठळक. मी ‘अडेनोकार्सिनोमाची (फुप्फुसाच्या एका कॅन्सरची) शक्यता’ लिहून मोकळा झालो. अख्खी गाठ काढून आल्यावर कळलं, घसरलो कुठे ते: ती निघाली स्क्लेरोझिंग न्यूमोसायटोमा, म्हणजे सहसा निरुपद्रवी गाठ.

हे दोन्ही स्टेन पेशीचं कूळ सांगतात, ती कॅन्सरची आहे की नाही ते नाही. या गाठीचा उगम टाइप २ न्यूमोसाइटच्या वंशात आहे, म्हणजे सर्फॅक्टंट (फुप्फुसातले हवेचे फुगे मिटू न देणारा पदार्थ) बनवणाऱ्या पेशींच्या घराण्यात. मग स्टेन उमटणारच!

बघायचं होतं ते उंचवट्याच्या आत. देठात फिकट, गोलसर पेशी दाटीवाटीने बसल्या होत्या. मी त्यांना सूज समजून पुढे सरकलो. त्याही गाठीच्याच पेशी. त्यांच्यात टीटीएफ-१ आणि ईएमए येतो, सायटोकेरॅटिन मात्र बहुधा येत नाही किंवा तुरळक येतो (हे दोन्हीही एपिथेलियल, म्हणजे अस्तराच्या पेशी ओळखायचे स्टेन). त्यामुळे नुसतं केरॅटिन लावून ‘या एपिथेलियल नाहीत’ म्हणणं ही पुढची चूक. एकेटी१ जनुकातला एकच बदल पृष्ठभागावरच्या आणि गोल अशा दोन्ही पेशींत सापडतो. दिसायला वेगळ्या, पण एकाच क्लोनच्या, म्हणजे एकाच मूळ पेशीपासून झालेल्या.

नावानेही खूप घोळ घातलाय. १९५६ साली लीबो आणि हबेल यांनी हिला ‘स्क्लेरोझिंग हेमँजिओमा’ म्हटलं; हेमँजिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ. रक्ताने भरलेल्या पोकळ्या आणि हिमोसिडरिन (जुन्या रक्तस्रावातून उरणारं लोहाचं रंगद्रव्य) बघून तसं वाटणं साहजिक होतं. पण सीडी३१ हा रक्तवाहिन्यांच्या पेशींचा स्टेन गाठीच्या पेशींत उमटत नाही, पोकळ्यांतलं रक्त म्हणजे निव्वळ रक्तस्राव. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या वर्गीकरणात आजचं नाव आलं. जुन्या फाइलीत अजून हेमँजिओमाच असतो आणि नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, रक्तवाहिनीची गाठ फुटणार तर नाही ना?”

उंचवटे, भरीव भाग, तंतुमय भाग, रक्तस्राव असे चार नमुने एकाच गाठीत मिसळलेले असतात. सुईच्या तुकड्यात एखादाच आला की फसगत ठरलेली. भरीव भाग आला तर कार्सिनॉइड (फुप्फुसाची दुसरी एक गाठ) वाटतो. रुग्ण मध्यमवयीन बाई, गाठ रेखीव, पेशी शांत, केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतात ते दाखवणारा स्टेन) कमी, असं जुळून आलं तर थांबा आणि सीटी स्कॅन मागवून बघा. रेडिऑलॉजिस्टला फोन करायला आपल्याला उगाच कमीपणा वाटतो.

क्वचित लसिकाग्रंथीतही या पेशी सापडतात. तेवढ्यावरून कॅन्सर ठरवू नका; अशा रुग्णांचंही पुढे सहसा चांगलंच होतं.

आणि फ्रोझनवर (ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून केलेल्या तपासणीवर) नाव देण्याचा हट्ट नको. सर्जन थिएटरमधून घाई करणार, पूर्ण लोब (फुप्फुसाचा खंड) काढू का म्हणून विचारणार. शंका असेल तर तसं स्पष्ट सांगा: “गाठ कडेसकट काढा सर, नाव पॅराफिनवर देतो.” म्हणजे मेणात बसवून नंतर केलेल्या सविस्तर तपासणीवर.