पोर्तुगीज वसाहतींतल्या स्वयंसेवक दलांवर लिहिताय? या चुका टाळा

अंगोला-मोझांबिकमध्ये पोर्तुगीज सत्तेविरुद्ध झालेल्या स्वातंत्र्ययुद्धांवर मराठीत लिहायला घेतलं की पहिला घोळ बंदूकधाऱ्यांचाच होतो. गणवेशातला सैनिक नाही, पण पोर्तुगालच्या बाजूने लढलाय ना? मग ‘मिलिशिया’ लिहून मोकळं! असं करू नका. आधी विचारा, याला हुकूम कोण देत होतं?

स्वयंसेवक आणि नागरी संरक्षणाची प्रांतिक संघटना, म्हणजे ओपीव्हीडीसी, त्या-त्या प्रांताच्या गव्हर्नराच्या हाताखाली होती. ‘फ्लेशाश’ची गोष्ट निराळी. अंगोलाच्या आग्नेय भागातल्या ‘सान’ या आदिवासी लोकांमधून उभी केलेली ही तुकडी पीडे या गुप्त पोलिसांची. ‘ग्रुपुश इश्पेसियाइश’ म्हणजे ‘विशेष गटां’मधले स्थानिक आफ्रिकी तरुण लष्कराच्या दिमतीला. तिघांना एका ओळीत बसवलंत, की पुढचे सगळे निष्कर्ष चुकलेच.

‘लिजियांव पोर्तुगेझा’शी गल्लत हीदेखील नेहमीचीच. ती 1936 मध्ये खुद्द पोर्तुगालात निघालेली, हुकूमशहा सालाझारच्या राजवटीची निष्ठावान संघटना. नागरी संरक्षणाचं काम तिच्याकडेही होतं, म्हणून नावं वाचताना फसगत होते.

सगळ्यात जपून लिहायचं ते 1961 बद्दल. 4 फेब्रुवारीला अंगोलाची राजधानी लुआंडातल्या तुरुंगावर आणि पोलिसांवर हल्ले झाले. त्यानंतर शस्त्रं घेतलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी शहराच्या मुसेकांत, म्हणजे आफ्रिकी वस्त्यांत, शिरून माणसं मारली. 15 मार्चला उत्तरेतल्या कॉफीच्या मळ्यांवर होल्डन रॉबर्टोच्या यूपीए या अंगोलाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संघटनेने हल्ला केला. त्यात गोरी कुटुंबं मेली, तसे दक्षिणेकडून आणलेले आफ्रिकी मजूरही मेले. पुन्हा सूडाची लाट. स्वयंसेवकांना रीतसर चौकटीत बसवणं त्यानंतरचं. तेव्हा सुरुवातीच्या टोळ्यांची कत्तल पुढे निघालेल्या संघटनेच्या नावावर टाकू नका. आणि ‘नागरी संरक्षण’ या सोज्वळ शब्दाआड ती झाकूही नका. दुसरी चूक मला जास्त खटकते, कारण सरकारी कागद तीच करायला लावतात: तिथे रस्ते, मळे, पूल यांची राखण एवढंच दिसतं, आणि त्याआधी मुसेकांत काय झालं त्याला जागाच नसते.

उलटही घडतं. 16 डिसेंबर 1972 चं विरियामूचं हत्याकांड काही जण ‘मिलिशिया’च्या माथी मारतात. मोझांबिकच्या तेते भागातल्या त्या गावांवर चालून गेले होते लष्कराचे कमांडो. जुलै 1973 मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मधून ही बातमी जगापुढे आली.

साल आणि प्रदेश जुळत नसेल तर तिथेच थांबा. अंगोलात युद्ध पेटलं 1961 मध्ये, पोर्तुगीज गिनीत (आजच्या गिनी-बिसाऊत) 1963, मोझांबिकात 1964. 1951 च्या घटनादुरुस्तीने ‘वसाहतीं’चे ‘सागरापारचे प्रांत’ झाले, म्हणून ‘प्रांतिक’ नावाचा कागद त्याआधीचा दिसला तर तारीख पुन्हा तपासा.

गोव्याची मुक्ती या चित्रात ओढून आणू नका. 19 डिसेंबर 1961 ला तिथली सत्ता संपली, अंगोलातली घडण त्याच वर्षी सुरू होत होती. गोव्याचा खरा धागा मोझांबिकात सापडतो: गोवामुक्तीनंतर मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांना छावण्यांत डांबलं गेलं, गोवेकर मात्र पोर्तुगीज नागरिक म्हणून त्यातून वगळले गेले. तेव्हा ‘मोझांबिकमधले भारतीय’ असं सरसकट लिहिण्याआधी कोणाचा पासपोर्ट कुठला, ते बघा.