गवा आणि सरगॅसम यांची तुलना करताना या चुका टाळा

शाळेच्या प्रकल्पात एक सस्तन प्राणी आणि एक शैवाल यांची तक्त्यात तुलना करायची असते. सातारा-सांगलीच्या मुलांना सस्तन प्राणी शोधायला लांब जावं लागत नाही. कोयना-चांदोलीतला गवा सगळ्यांच्या ओळखीचा. तरंगतं सरगॅसम हे समुद्री शैवाल मात्र अटलांटिकमधलं. म्हणून प्रकल्पात गव्याचा रकाना नीट भरतो आणि शैवालाच्या रकान्यात परसातल्या झाडाचं वर्णन उतरतं.

मुख्य चूक तीच. सरगॅसमला मूळ, खोड, पान लिहू नका. ते तपकिरी शैवाल आहे आणि आजच्या वर्गीकरणात हिरव्या वनस्पतींच्या शाखेत बसत नाही. पाण्यातले क्षार ते सगळ्या अंगानेच शोषतं. त्याच्या फांद्यांवर वाटाण्याहून लहान, वायूने भरलेले गोल फुगे असतात. नॅटन्स या जातीत फुग्याच्या टोकाला बहुधा बारीक काटा असतो, फ्लुइटन्समध्ये सहसा नसतो. या फुग्यांना फुप्फुसं म्हणणं साफ चूक. ते फक्त तरंगवतात.

‘गवा श्वसन करतो, शैवाल प्रकाशसंश्लेषण करतं’ हे वाक्यही खोडा. श्वसन दोघंही करतात. फरक अन्नाचा: गवा चरतो, रवंथ करतो, त्याच्या पोटातले जंतू गवतातलं सेल्युलोज फोडतात, सरगॅसम स्वतःचं अन्न उन्हात बनवतं.

फोटो मालवणच्या खडकावरचा लावू नका. कोकणातलं सरगॅसम खडकाला धरून वाढतं, लाटेने तुटलं की वाहत येतं. जन्मभर मोकळं तरंगणाऱ्या जाती वरच्या दोनच.

वजनाच्या ओळीत बहुतेकांची फसगत होते. पूर्ण वाढलेला नर गवा हजार किलोच्या आसपास जाऊ शकतो, म्हणून त्याच्यासमोर २०११ पासून अटलांटिकमध्ये दिसणारा शैवालाचा अख्खा पट्टा ठेवला जातो. एका जीवासमोर असंख्य तुकड्यांचा थर ठेवून तुलना कशी होणार? त्यापेक्षा प्रजननाची ओळ घ्या, खरी गंमत तिथे आहे. गवी साधारण नऊ महिन्यांनी बहुधा एकच वासरू देते. तरंगत्या सरगॅसमचा तुकडा मोडला की तोच नवा जीव म्हणून वाढतो. या दोन जातींत लैंगिक प्रजनन आढळलेलंच नाही. मग ‘एक सरगॅसम’ कुठे संपतं? हा प्रश्न तक्त्याखाली जरूर लिहा, परीक्षक तिथे थांबतील.

आणि गव्याला बायसन लिहू नका. तो गाईच्याच प्रजातीतला (जीनस, म्हणजे जातीच्या वरचा गट), बॉस गॉरस.