उन्हातले काम आणि त्वचेचा कर्करोग : काय करावे, कुठे पाहावे

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो. मात्र त्वचेला इजा करणारे अतिनील किरण तापमानावर अवलंबून नसल्याने आषाढात ढगाळ हवेत पंढरपूरची वाट चालणाऱ्यालाही ते गाठतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की किरण तीव्र आहेत असे समजावे आणि शेतातली कामे शक्यतो त्याआधी किंवा नंतर उरकावीत. गांधी टोपीने कान आणि मान झाकत नाहीत, म्हणून डोक्याला उपरणे गुंडाळावे व घट्ट विणीचा, पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळते ते सांगणारा आकडा) ३० चे सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. रोज शेतात राबणाऱ्याला कापडच परवडते.

मेलॅनोमा या त्वचेच्या घातक कर्करोगाचे प्रमाण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये सर्वाधिक असून भारतात ते फार कमी आहे, कारण आपल्या त्वचेला रंग देणारे मेलॅनिन बरेचसे किरण अडवते. तरीही सावळ्या त्वचेत हा रोग अनेकदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली, म्हणजे ऊन फारसे न पोहोचणाऱ्या जागी होतो, आणि तिथे कोणी पाहत नाही. त्यामुळे महिन्यातून एकदा पायांचे तळवे नीट तपासावेत. भाजल्याच्या जुन्या व्रणावर उठलेली गाठ, वाढत जाणारा काळा डाग किंवा महिनाभरात न भरणारी जखम दिसल्यास मलमे बदलत न बसता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. निदानासाठी बहुधा त्वचेचा लहानसा तुकडा काढून तपासतात.