बाबांना न विचारता करता येण्याजोगं: बिछायतवाल्याच्या पोरीच्या वहीतून

आमचं बिछायत केंद्र आहे. राळेगाव तालुक्यातल्या एका गावात, रोडला लागूनच. मंडप, सतरंज्या, जर्मनची गंजं, मोठ्या कढया, सहाशे स्टीलची ताटं आणि हिशोबाची वही. वही चार वर्षांपासून मी लिहिते, कारण बाबांनी लिहिलेलं बाबांनाच वाचता येत नाही.

एका लग्नाचं सामान परत आणायला मी दादासोबत गेले होते. सातशे पानांचं लग्न. ताटं मोजून झाली, चमचे मोजून झाले, मग मंडपाच्या मागं गेले तर पाच बोऱ्या भरून फेकलेले ग्लास. एक बोरी उपडी करून मोजली. चारशेच्या वर निघाले. म्हणजे सातशे माणसांनी दोन हजार ग्लास फेकले, आणि सगळे आमच्याच दुकानातून गेलेले. मी उभी असतानाच एका पोट्ट्यानं काडी लावली. तो काळा धूर नवरीच्या घराच्याच खिडकीत शिरत होता.

त्या दिवशी वहीत उजवीकडं एक रकाना आखला: ‘फेकलं’. पुढं लिहिते आहे ते त्या रकान्यातूनच आलं.

मोबाईलवर पर्यावरणाचे सल्ले पुष्कळ येतात. बांबूचा ब्रश घ्या, अमकी बाटली घ्या, तमकी पिशवी घ्या. सगळं ‘घ्या’नंच सुरू होतं. माझ्याजवळ घ्यायला पैसे नाहीत आणि घरात माझं चालतही नाही. वावरात काय पेरायचं ते दादा ठरवतो, कुलर कोणता आणायचा ते बाबा. तुमच्याही घरी असंच असेल. पण पंगतीत वाढतं कोण? कुलरमध्ये पाणी कोण टाकतं? फवारणीचा पंप कोणाच्या पाठीवर असतो, धुऱ्याला, म्हणजे वावराच्या बांधाला, काडी कोण लावतं? आपणच. म्हणून मी फक्त अशीच कामं सांगते ज्यात हात आपला असतो.

पंगत

प्लास्टिकच्या ग्लास-प्लेटांवर महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. तरी ते मिळतात. जिथं मिळत नाहीत तिथं कागदी ग्लास आले, पण त्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. नाही तर पाणी झिरपलं नसतं का? त्यामुळं कागदी म्हणून मन खुश करून घेऊ नका.

स्टीलचे ग्लास म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला. आमच्या गल्लीतल्या एका काकाजींनी तोंडावरच विचारला, “पोरी, हजार गिलास आणशीन कुठून अन् धुवन कोण?” हजार लागतच नाहीत. पंगत शंभराची बसत असेल तर तीनशे पुरतात. शंभर पंगतीत, शंभर धुण्यात, शंभर खाटेवर उन्हात वाळत. हे फिरत राहतं. धुण्यासाठी तीन टोपली, म्हणजे मोठी घमेली, ठेवा: पहिल्यात चुलीची राख आणि नारळाची शेंडी, दुसऱ्यात गरम पाणी, तिसऱ्यात साधं पाणी. नळाखाली धुवायला बसलात तर पाणी संपेल आणि शिव्या तुम्ही खाल. टोपल्यांच्या पद्धतीनं दोनशे लिटरच्या एका ड्रमात आमचे दोन पंगतींचे ग्लास निघतात.

ग्लास आधीच पानाजवळ मांडून ठेवायचा आणि जग घेतलेल्या पोट्ट्यानं अर्धाच भरायचा. ज्याला पाहिजे तो पुन्हा मागतो. पूर्ण भरला की अर्धा उष्टा राहतो, आणि मे महिन्यात ज्या गावात टँकर येतो तिथं असं पाणी मातीत जाताना बघवत नाही.

खरी नासाडी पंगतीत होतही नाही. ती होते मंडपाच्या तोंडाशी, पाण्याच्या टेबलावर. येणारा-जाणारा तिथं नवा ग्लास उचलतो, दोन घोट पितो, फेकतो. तिथं ग्लास ठेवूच नका. रांजण ठेवा, दोन तांबे ठेवा आणि एक पोरगा उभा करा. म्हातारी माणसं वरूनच पितात. तरण्यांना सवय नाही, दोनचार जण शर्ट भिजवून घेतात. उन्हाळ्यात त्याचं कोणाला वाईट वाटत नाही.

पानासाठी पळस आहेच. आपल्याकडं पळसाला तोटा नाही, आणि आजीच्या वयाच्या बायका अजून काडीनं पत्रावळ टाचतात. वाळलेली पत्रावळ आधी पाणी शिंपडून नरम करून घ्या, नाही तर वरणाला वाट मिळते. बाजारातली मशीनची पत्रावळ घेत असाल तर एक फाडून बघा. चकाकती पन्नी निघाली तर ती पत्रावळ नावापुरती.

वाढपी तुम्ही असाल तर तुमच्या हातात सगळ्यात मोठी गोष्ट आहे: पळी. भात अर्धी पळी, वांग्याची भाजी थोडी, बुंदी एकच मूठ, आणि दोन फेऱ्या जास्त. आग्रह करायचा तो दुसऱ्या फेरीत. बुफेत माणूस स्वतःच ताट भरतो आणि तिथं कोणाचं काही चालत नाही, म्हणून मी पंगतीच्या बाजूची आहे. बाबा नाहीत, कारण बुफेचं भाडं जास्त येतं.

उरलेलं अन्न ढोरांपुढं ढीग करून टाकू नका. भात-पोळी एकदम जास्त खाल्ली की गाईच्या पोटात आंबते, पोट फुगतं. आमच्या शेजारची कालवड तेरवीच्या उरलेल्या भातानं रात्रभर तळमळली होती. माणसांनी खाण्याजोगं लगेच वाटून टाका, खराब झालेलं खड्ड्यात शेण आणि कुटारासोबत थरानं टाका. पन्नी त्यात जायला नको, एवढं मात्र बघा.

एका लग्नात नवरीचा मामा रागावला होता. “स्टीलचे गिलास? गरिबाचं लगन हाय का हे?” मी काही बोलले नाही, पण आजी बोलली. तिनं गाडगेबाबांचं नाव घेतलं. शेंडगावचा, आपल्या शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातला माणूस, जन्मभर स्वतःचं फुटकं गाडगं सोबत घेऊन फिरला, त्यातच खाल्लं, त्यातच पाणी प्यायला. “त्याले गरीब म्हनशीन का तू?” मामा गप्प बसले. पटलं म्हणून की आजीच्या वयामुळं, ते माहीत नाही.

आता बाबांबद्दल. फेकायच्या ग्लासावर त्यांना थोडे पैसे सुटायचे, म्हणून ते नाखूश होते. मी वहीतून दाखवलं की स्टीलचा एक ग्लास एका हंगामात कितीदा भाड्यानं जातो. हिशोबाला बाबा नाही म्हणत नाहीत.

धुतलेलं पाणी

ते रोडवर सोडलं की मच्छर आपल्याच घरी येतात. शोषखड्डा करा. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल. तळाला मोठे दगड, मग मध्यम, वर गिट्टी. पाणी येतं त्या तोंडाशी भोकं पाडलेलं मडकं आणि त्यात गवत, तेलकटपणा अडकायला. ते गवत आठ-पंधरा दिवसांनी बदलायचं.

पण हे माप सगळीकडं चालत नाही. आपली काळी कपाशीची जमीन पाण्यानं फुगते आणि पाणी जिरू देत नाही. आमचा पहिला खड्डा पावसाळ्यात तुडुंब भरला आणि डबकंच झालं. दुसरा मुरूम लागेपर्यंत खणला, साडेसहा फूट गेलो, तो चालतो. मुरूम फारच खोल असेल तर खड्ड्याचा नाद सोडा आणि पाणी केळी-अळूकडं वळवा. विहीर किंवा बोअर पन्नास फुटांच्या आत असेल तर खड्डा तिथं नकोच.

कुलर

आपल्याकडं पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा कुलर बंद करा असं मी कोणाला सांगणार नाही. घरचा मोठा कुलर साधारण दोनशे वॅटचा धरा. दहा तास चालला की दोन युनिट. दीड टनाचा एसी तेवढ्या वेळात त्याच्या कितीतरी पट खातो. तेव्हा कुलर हेच मुळात शहाणपणाचं यंत्र आहे, फक्त लोक ते चुकीचं चालवतात. सगळी दारं लावून आत बसतात. कुलर पाण्याच्या वाफेवर गार करतो. ओली हवा बाहेर जायला वाट नसेल तर तासाभरात खोलीत नुसतं चिपचिप होतं आणि मग पंखाही लावावा लागतो. कुलरच्या समोरच्या बाजूची खिडकी वीतभर उघडी ठेवा.

बोअरच्या पाण्याचे क्षार गवतावर जमून दगड होतो, हवा शिरत नाही. दर हंगामाला गवत बदला. कुलरवर दुपारचं ऊन पडत असेल तर वर तुराट्यांचा ताटवा टाका. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी पुसा, डेंग्यूचा मच्छर साध्या साचलेल्या पाण्यातच होतो. टिनाच्या छतावर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात मारले तर आतला फरक हातालाच कळतो. आमच्या गोदामावर मी मारले. बाबा गावाला गेले होते.

विजेचं एवढं का सांगते? चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं आहे आणि ते कोळशावर चालतं. कोळसा विदर्भातल्या जमिनीखालचा, राखही विदर्भातच पडते. आपण बटन दाबतो ते फार लांब कुठं जात नाही.

पन्नी

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, सोडा असं सांगून कोणी सोडत नाही, मी दादाला सांगून बघितलं. पण खर्ऱ्याची पन्नी तरी खिशात ठेवा, नालीत नको. आमच्या पुलाखाली पहिल्या पावसात जे तुंबतं त्यात निम्म्या पन्न्याच असतात. भंगारवाला पाण्याच्या बाटल्या, कॅन, पुठ्ठे, लोखंड घेतो. चिप्सची चकाकती पाकिटं घेत नाही, आणि घरामागं जाळली तर धूर आपल्याच लेकरांच्या नाकात. त्यावर मला न घेणं एवढंच सुचलं.

फवारणीचे डबे

२०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. तरी रिकाम्या डब्यात पाणी नेणारे मी अजून बघते. डबा रिकामा झाला की वावरातच तीनदा पाणी टाकून हलवायचा आणि दर वेळचं पाणी पंपात ओतायचं, नाल्यात किंवा विहिरीकाठी नाही. औषधही वाया जात नाही. मग डब्याला भोक पाडायचं, म्हणजे कोणी तेल-पाण्याला वापरणार नाही. हातमोजे, तोंडाला कापड, वाऱ्याकडं पाठ: हे दादाला दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं.

गाडी

पेट्रोलचा एक लिटर जळला की सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. तालुक्याला तीन चकरा मारण्याऐवजी यादी करून एकच मारा. मला तर एसटीच परवडते, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. गाडी वेळेवर येत नाही, तो वेगळा विषय.

धुरा

मे महिन्यात धुरे पेटवायचं काम घरातल्या पोट्ट्यांकडंच येतं, आणि त्यांना त्यात मजा वाटते. दोन वर्षांपूर्वी दादानं लावलेली आग वाऱ्यानं फिरली. शेजाऱ्याचे ठिबकचे पाइप गेले, आमच्या धुऱ्यावरचं आजोबांच्या हातचं मोहाचं झाड अर्धं होरपळलं. पाइपांचे पैसे भरून दिले. गेल्या उन्हाळ्यात दादा आणि मी दोन सकाळ विळे घेऊन गेलो, गवत कापलं आणि पऱ्हाटीच्या चुऱ्यासोबत वावरातच पसरलं. पेटवायला अर्धा तास लागला असता. मोहाची जळलेली बाजू अजून काळी आहे, पण यंदा त्या बाजूनंही दोन फांद्यांना फूल आलं. आजीनं ती फुलं वेगळी वाळवली आहेत.