उन्हाळ्याचं घड्याळ पालथं करून निवडा

घड्याळ हातात आलं की नजर आधी डायलवर जाते. पण एप्रिल-मेसाठी घड्याळ घ्यायचं असेल, किंवा घरातल्या चार आवडत्या घड्याळांपैकी उन्हाळ्यात कोणतं वापरायचं हे ठरवायचं असेल, तर ते आधी पालथं करा. घामानं घड्याळ बिघडतं ते खालच्या बाजूनं. पट्टा कुजतो, पट्ट्याची पिन गंजते, पाठीमागच्या झाकणाच्या खाचेत मीठ आणि मळ बसतो, मनगटाला पुरळ येतं, आणि वरून डायल मात्र नव्यासारखी दिसत असते. त्यामुळे क्रम उलटा लावा: पट्टा, मग झाकण आणि केस (म्हणजे घड्याळाची पेटी), मग पाण्याचा आकडा, दिसणं शेवटी.

पट्टा

पुण्यात खरं तर उन्हाळे दोन. मार्चपासून मेच्या मध्यापर्यंतचा कोरडा. पारा चाळिशीला टेकतो, पण घाम आला तरी वाळून जातो आणि मागे मीठ राहतं. मग वळवाचे ढग जमायला लागतात, हवा दमट होते आणि घाम वाळायचं नाव घेत नाही. दोन्हींना एकच पट्टा चालत नाही. 'उन्हाळ्यासाठी रबर घ्या' हा सल्ला त्यामुळे अर्धाच खरा.

कोरड्या दिवसांत विणलेला पट्टा उत्तम. नायलॉन किंवा पर्लॉन. पर्लॉनच्या वेणीत भोकं पाडलेली नसतात, बक्कलची सुई विणीत कुठेही घुसते, त्यामुळे दुपारी मनगट जरा सुजलं की पट्टा हवा तेवढा सैल करता येतो. नायलॉनमध्ये 'नाटो' नावानं विकला जाणारा पट्टा सगळीकडे मिळतो. ब्रिटिश संरक्षण खात्यानं १९७३ साली त्याचा नमुना ठरवून दिला होता. एकच लांब पट्टी घड्याळाच्या खालून ओवलेली असल्यानं एक पिन तुटली तरी घड्याळ खाली पडत नाही. मात्र त्याला जोडलेल्या आखूड पट्टीमुळे झाकणाखाली नायलॉनचे दोन थर येतात आणि घड्याळ दोन-तीन मिलिमीटर उंच बसतं. आधीच जाड असलेलं घड्याळ मग मनगटावर वाटी उपडी ठेवल्यासारखं दिसतं. दुकानात एका थराचा नायलॉन पट्टा मागा, तोही मिळतो.

दमट दिवसांत हाच नायलॉन दिवसभर ओला राहतो आणि तिसऱ्या दिवशी वास मारतो. तेव्हा रबर. स्वस्त पट्टे बहुतेक सिलिकॉनचे असतात: मऊ, ताणले जाणारे आणि कपड्यांचे धागे, धूळ ओढून घेणारे. बोटानं चोळून पाहिल्यावर पट्टा चिकटसर लागला आणि लगेच कण धरायला लागला, तर तो सिलिकॉन. एफकेएम नावाचं फ्लुओरिनयुक्त रबर जड आणि गुळगुळीत असतं, घाम आणि तेलाला दाद देत नाही, महाग पडतं पण कित्येक वर्षं टिकतं. कोणतंही रबर घ्या, आतली बाजू सपाट नको. खोबणी किंवा उंचवटे हवेत, नाहीतर घाम तिथेच कोंडतो.

चामडं या दिवसांत कपाटात ठेवा. घाम चामड्यात मुरतो, वाळताना मीठ आत सोडतो, आणि भोकांच्या भोवती चिरा पडायला लागतात. आतली बाजू काळवंडली आणि कडेला पांढरी रेघ दिसली की त्या पट्ट्याचं आयुष्य संपत आलं असं समजा. लग्नासाठी तीन-चार तास घातलात तर घरी आल्यावर पुसून सावलीत, पंख्याखाली ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तोच घालू नका. उन्हात वाळवलेलं चामडं पापडासारखं होतं.

स्टीलची चेन उन्हाळ्यात चालते, पण बक्कलच्या कडेला तीन-चार बारीक भोकं असतील तरच. टूथपिकनं पिन एका भोकातून दुसऱ्यात सरकवली की चेन जराशी सैल होते आणि दुकानात जाऊन कडी काढा-घालायची गरज राहत नाही. चेन मापाला बसवून घ्यायची असेल तर दुपारी जा. सकाळी एसी दुकानात नेमकी बसवलेली चेन दुपारी तीनला आवळते. घड्याळ आणि मनगट यांच्यामध्ये करंगळी सहज जाईल इतकी ढील हवी.

पट्टा विकत घेण्याआधी केसच्या दोन शिंगांमधलं, म्हणजे पट्टा जिथे अडकतो त्या दोन टोकांमधलं, आतलं अंतर पट्टीनं मोजा. बहुतेक वेळा ते १८, २० किंवा २२ मिलिमीटर असतं. कधी १९ किंवा २१ निघतं, आणि तिथे 'बसेल हो' म्हणत एक मिलिमीटर कमी रुंदीचा पट्टा दिला जातो. बसतो, पण डुगडुगतो आणि पिन झिजवतो. लक्ष्मी रोड, कॅम्प किंवा डेक्कनच्या हाँगकाँग लेनमध्ये पट्टा घ्यायला जाताना घड्याळ सोबतच न्या. नव्या पट्ट्याबरोबर नव्या स्टीलच्या पिना मागून घ्या. जुनी पिन घामाच्या मिठानं आतून गंजलेली असते आणि नेमकी गाडी चालवताना तुटते. शिंगांना जाड पिन बसत असेल तर १.५ ऐवजी १.८ मिलिमीटरची घाला.

झाकण आणि केस

झाकणावरची बारीक अक्षरं वाचा. 'ऑल स्टेनलेस स्टील' असेल तर पूर्ण केस स्टीलची. नुसतं 'स्टेनलेस स्टील बॅक' असेल तर फक्त झाकण स्टीलचं. धातूच्या घड्याळात बाकी केस सहसा पितळेची किंवा दुसऱ्या मिश्रधातूची, वर मुलामा चढवलेला. हा मुलामा घामानं आधी शिंगांच्या आतल्या बाजूला आणि झाकणाच्या कडेला जातो, हिरवट डाग पडतात आणि बोटाला खरखर लागते. अशी घड्याळं हिवाळ्यासाठी ठेवा.

चांगल्या घड्याळांच्या ३१६एल स्टीलमध्येही १० ते १४ टक्के निकेल असतं, पण ते धातूत घट्ट बांधलेलं असल्यानं बहुतेकांना त्रास होत नाही. ज्यांना खोट्या कानातल्यांनी किंवा पँटच्या बटणानं खाज सुटते त्यांनी मात्र टायटॅनियमचं बघावं. ते स्टीलच्या जवळजवळ निम्म्या वजनाचं असतं आणि घामाला गंजत नाही. चरे लवकर पडतात, तेवढं सोसावं लागतं.

पुरळ आलं म्हणजे लगेच ॲलर्जी असं नाही. पट्ट्याच्या रुंदीएवढा लाल भाग असेल आणि दोन-तीन दिवस घड्याळ न घातल्यावर तो गेला, तर दोष कोंडलेल्या घामाचा आणि साबणाचा. पट्टा धुवा, एक भोक सैल करा, घड्याळ दुसऱ्या हातात घाला. झाकणाच्या किंवा बक्कलच्या नेमक्या आकाराचं चट्टं उठत असेल तर संशय निकेलवर. तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

आता पुणेकरांचा खास प्रश्न: दुचाकी. उन्हाळ्यात सनकोट आणि कोपरापर्यंतचे हातमोजे आले की १३-१४ मिलिमीटर जाडीचं घड्याळ अडकतं, मोजा ओढताना काटे लावायची चावी बाहेर येते, घड्याळ बंद पडतं आणि ऑफिसात पोहोचल्यावर ते लक्षात येतं. रोज गाडी चालवणाऱ्यांनी १० मिलिमीटरच्या आतलं घड्याळ निवडावं. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू १९८९ पासून मिळतंय. जाडी साडेआठ मिलिमीटर, वजन २१ ग्रॅम, आणि अडकायला चावीच नाही. उन्हाळ्यातल्या प्रवासाला यापेक्षा शहाणं घड्याळ शोधून सापडणं कठीण, मग कोणी कितीही नाकं मुरडोत. ऑफिससाठी जरा भारदस्त हवं असेल तर टायटनचं एज बघा. ते २००२ मध्ये आलं तेव्हा संपूर्ण घड्याळाची जाडी साडेतीन मिलिमीटर होती. काट्यांच्या घड्याळात चावी तीनऐवजी चारच्या जागी असेल तर हँडलवर मनगट वाकल्यावर ती हाताच्या पाठीत रुतत नाही. घड्याळ मनगटाच्या बाहेरच्या हाडावर नको, कोपराच्या बाजूला बोटभर वर घाला.

पाण्याचा आकडा

३० मीटर लिहिलंय म्हणून ३० मीटर खोल पाण्यात चालेल असं नव्हे. तो प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा आकडा आहे. व्यवहारात ३० मीटर म्हणजे हात धुताना उडणारे शिंतोडे आणि घाम. ५० म्हणजे वळवात भिजलात तरी हरकत नाही. टँकवर पोहायला जाणार असाल तर १०० हवेत, आणि चावी आट्यांची असेल तर अधिक बरं. अशी चावी पूर्ण फिरवून बसवली नाही तर २०० मीटरचं घड्याळही पाणी पितं. पाण्यात असताना चावी आणि बटणं यांना हात लावू नका. पोहून आल्यावर साध्या पाण्याखाली धरा, क्लोरीन राहायला नको. गरम पाण्याच्या आंघोळीला मात्र कोणतंच घड्याळ नको. उष्णतेनं आतली रबर रिंग फुगते-आकसते आणि साबण फटीत शिरतो.

हा आकडा घड्याळ नवं असतानाचा. रिंग वर्षागणिक कडक होते. सेल बदलताना झाकण उघडतं, आणि जुनीच रिंग तशीच दाबून बसवली तर पाण्याची हमी तिथेच संपली. सेल बदलायला देताना दोन गोष्टी स्पष्ट सांगा: रिंग बदला किंवा ग्रीस लावा, आणि प्रेशर टेस्ट करून द्या. ज्याच्याकडे टेस्टचं मशीन नाही त्याच्याकडे पोहण्याचं घड्याळ उघडू नका.

आत दमटपणा आहे का, ते घरी तपासता येतं. स्टीलच्या वाटीत हाताला सोसेल इतकं, साधारण ४० अंश गरम पाणी घ्या, वर ताटली ठेवा आणि ताटलीवर घड्याळ पाठ टेकवून दहा मिनिटं राहू द्या. मग काचेच्या मधोमध साध्या, थंडसर पाण्याचा थेंब टाका, एक मिनिटानं पुसा. काचेच्या आतल्या बाजूला धुकं दिसलं तर आत ओल आहे. तांदळाच्या डब्यात घड्याळ पुरणं, उन्हात ठेवणं, हेअर ड्रायर मारणं, यांनी ओल फक्त जागा बदलते. त्याच दिवशी उघडून वाळवून घ्या. मशीनवर गंज चढला की खर्च कितीतरी पटीनं वाढतो.

ऊन

मनगटावरच्या घड्याळाला उन्हाचा फारसा धोका नाही, शरीर त्याला ठरावीक तापमानाजवळ ठेवतं. धोका आहे तो टँकबाहेर उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत आणि कारच्या डॅशबोर्डवर. डिजिटल घड्याळाची काच तिथे पूर्ण काळी पडते. सावलीत थंड झालं की आकडे सहसा परत येतात, पण हे वारंवार झालं तर सेल गळतो. क्वार्ट्झ, म्हणजे सेलवरच्या, घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि तो २५ अंशांच्या आसपास अचूक राहावा असा कापलेला असतो. तापमान त्याहून फार चढलं किंवा उतरलं, दोन्हीकडे घड्याळ मागे पडतं. ४५ अंशात ठेवलेलं घड्याळ दिवसाला साधारण एक सेकंद मागे जातं. बिघाड नाही तो.

डायल निवडताना दुकानाच्या दिव्याखाली ठरवू नका, दारात उन्हात या. चमकदार, किरणं फाकल्यासारखी दिसणारी गडद डायल आणि चकचकीत काटे उन्हात एकमेकांत हरवतात. पांढरी किंवा फिकट, न चमकणारी डायल आणि काळे काटे एका नजरेत वाचता येतात. पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर डिजिटल घड्याळ गॉगल घालूनच पारखा, मनगट जरा फिरवून. काही घड्याळं गाडी चालवताना हात ज्या कोनात असतो नेमक्या त्याच कोनात काळी दिसतात.

सनस्क्रीन आणि डासांचं मलम लावून ते पूर्ण वाळल्यावर घड्याळ घाला. मलमात डीट हे डास पळवणारं रसायन असेल तर प्लॅस्टिकची काच आणि केस त्यानं धूसर होते.

धुणं

रोज रात्री ओल्या फडक्यानं पाठ आणि पट्टा पुसा, मग कोरडं फडकं. आठवड्यातून एकदा पट्टा काढून कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून मऊ टूथब्रशनं घासा. चेनच्या कड्यांमध्ये साठलेला काळा चिखल घाम, त्वचा आणि धूळ यांचा असतो, तो या पद्धतीनं निघतो. शिंगांच्या आतला कोपरा आणि झाकणाची खाच टूथपिकनं साफ करा. पिनेची स्प्रिंग दाबून बघा, अडखळत असेल तर बदला.

जुनी चावीची घड्याळं

आजोबांची एचएमटी उन्हाळ्यात काढायचा मोह अनेकांना होतो, विशेषतः मेमधल्या लग्नांना. संध्याकाळच्या रिसेप्शनला घाला. दुपारच्या मुहूर्ताला आणि आमरसाच्या पंगतीला नको. त्यांत घामाला अडवेल अशी रिंग नसते, असली तरी कधीच वाळलेली. घालण्याआधी चावी द्या, हातात असताना देऊ नका. दांडीवर तिरका जोर येतो. पैठणी किंवा रेशमी कुर्त्यावर जुनी चेन तर नकोच, कड्यांच्या कडा धागे ओढतात.

जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी अशी घड्याळं दिसतात. भडक नवीकोरी डायल आणि झिजलेली केस अशी जोडी असेल तर डायल पुन्हा रंगवलेली आहे. शोभेला घ्या, घामाच्या दिवसांसाठी नको.

जूनमध्ये पाऊस स्थिरावला की विणलेले पट्टे धुऊन, पूर्ण वाळवून ठेवून द्या. ऑक्टोबरच्या उन्हात ते महिनाभर पुन्हा लागतात. चामडं दिवाळीनंतर काढा.