वासरासह गवळाऊ गाय: प्रदर्शनात क्रमांक लावताना या चुका टाळा

परदेशात अँगस, हेरफर्ड अशा मांसाच्या जातींच्या प्रदर्शनांत एक वर्ग ठरलेला असतो: गाय आणि तिचं अंगावर पितं वासरू रिंगणात एकत्र येतात आणि दोघांना मिळून एकच क्रमांक मिळतो. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गोहत्येला बंदी आहे आणि 2015 पासून ती बैलांनाही लागू झाली, त्यामुळे मांसासाठी गाय पाळण्याचा प्रश्न इथे येत नाही. तरी त्या वर्गाची पारख गवळाऊला चपखल लागू पडते. नागपूर, वर्धा, छिंदवाडा, सिवनी या पट्ट्यातली ही गाय एका वेताला सरासरी 600 किलोच्या आसपास दूध देते. बादलीतल्या दुधावर तिची किंमत करणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिचं मोल गोऱ्ह्यात आहे, जो पुढे वखराला, गाडीला, शंकरपटाला म्हणजे बैलांच्या शर्यतीला चालतो. म्हणून वासराकडे पाठ करून नुसत्या गायीला गुण देणारा परीक्षक अर्धीच गाय बघतो.

वय न विचारता मोठ्या वासराला वरचा नंबर

सगळ्यात जास्त निकाल इथे चुकतात. समजा, एका गायीचं वासरू 110 दिवसांचं आणि 64 किलोचं आहे. शेजारचं 60 दिवसांचं आणि 50 किलोचं. जन्मवजन दोघांचं 20 किलो धरलं, तर पहिल्याने रोज 400 ग्रॅम वजन धरलं आणि दुसऱ्याने 500 ग्रॅम. डोळ्यांना पहिलं थोराड दिसतं, पण आई दुसऱ्याची सरस आहे.

वजनकाटा नसेल तर टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या, खांद्याच्या टोकापासून शेपटीलगतच्या हाडापर्यंत लांबी घ्या, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 10840, की वजन किलोत येतं. घेर 90 आणि लांबी 75 असेल तर साधारण 56 किलो. वासरांत हा अंदाज थोडा इकडेतिकडे होतो, पण सगळ्यांना तीच टेप लावली तर तुलना खरी राहते. घेर घेताना वासराने मान खाली घातली किंवा पाय पुढेमागे टाकला तर आकडा बदलतो, दोनदा मोजा.

वय मालकाच्या तोंडावर सोडू नका. कानातल्या बारा आकडी बिल्ल्यावरून विण्याची नोंद बघा. नोंद नसेल तर नाळ बघा: पहिल्या एकदोन आठवड्यांत ती वाळून गळते. महिन्याभरात दुधाचे आठही दात बाहेर आलेले असतात. आणखी दोन गोष्टी ध्यानात असू द्या. गोऱ्हा कालवडीपेक्षा भरभर वाढतो, आणि पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेली गाय तिसऱ्या वेताच्या गायीइतकं पाजू शकत नाही. पहिलारूंचा वर्ग वेगळाच ठेवावा, असं आमचं ठाम मत आहे.

तुंबवलेली कास

रात्रभर वासरू तोडून ठेवायचं आणि सकाळी फुगलेली कास घेऊन रिंगणात यायचं, ही चाल जुनी आहे. त्यात गायीला ठणका लागतो, ती पाय झाडते, सडांतून दूध गळतं, दगडी, म्हणजे कासेला सूज येण्याचा आजार, होण्याचा धोका वाढतो. सुटलेलं उपाशी वासरू अधाशासारखं ढोसतं आणि दुसऱ्या दिवशी हगवणीला लागतं. पशुपालकांनी हे करूच नये. परीक्षकानेही फुगलेल्या कासेला गुण देऊ नयेत. सगळ्या वासरांना तपासणीआधी एकाच वेळी पाजायला सोडा आणि मग कास बघा. चांगली कास प्यायल्यावर मऊ पडते, कातडीला सुरकुत्या येतात. मोठी असूनही पिऊन झाल्यावर तशीच टणक राहिली तर ते मांस आहे, किंवा सूज.

पाजताना चारही सडांकडे लक्ष द्या. पिता सड स्वच्छ आणि ओलसर दिसतो. धुळीने माखलेला, जाड झालेला सड वासराने सोडलेला असतो, म्हणजे तो भाग बहुधा आटलेला किंवा दुखरा. बाटलीसारखे जाड सड बघणाऱ्याला भारदस्त वाटतात, पण नुकतं जन्मलेलं वासरू ते तोंडात धरू शकत नाही आणि पहिल्या तासांतला चीक हुकतो. कासेचा तळ मागच्या गुडघ्याच्या वर असावा. खाली लोंबणारी कास चिखल, काटे आणि लाथ तिन्ही खाते.

चकाकी आणि चरबी

प्रदर्शनाआधी दोन महिने सरकी ढेप चारून गाय गोल करतात, वर तेल चोपडतात. अंगावर पाजणाऱ्या गायीची तब्येत पाचपैकी अडीच ते तीन गुणांची पुरे (एक म्हणजे हाडकुळी, पाच म्हणजे लठ्ठ). शेवटच्या दोनतीन फासळ्या हलक्या दिसाव्यात, शेपटीच्या बुडाशी चरबीचे गोळे नसावेत. गाय गुबगुबीत आणि वासराच्या फासळ्या मोजता येतात, असं दिसलं की चारा दुधात न उतरता आईच्या अंगावर गेला हे ओळखा. उलट गाय जरा उतरलेली आणि वासरू टणटणीत असेल तर तिला वर घ्या. पण पाठीचा कणा धारदार दिसेपर्यंत खंगलेली गाय पुन्हा माजावर यायला उशीर लावते. तिला माफी नको.

वासराचं मोठं पोट म्हणजे तब्येत नव्हे. केस राठ आणि पोटाचा नगारा असेल तर जंत. शेपटीला शेण चिकटलं असेल तर हगवण. बेंबीला हात लावा. जाड, गरम, दुखरी असेल तर जोडी बाजूला काढून डॉक्टरांना दाखवा.

उभ्या उभ्या निकाल

रेतीत किंवा गवतावर पायांचे दोष लपतात. कडक, सपाट जमिनीवर वीसेक पावलं चालवा, मागून आणि बाजूने बघा. मागचा खूर पुढच्याच्या ठशावर किंवा अगदी जवळ पडावा. गवळाऊ चालीची जात आहे. आखूड पाऊल टाकणारी आई पाऊलही आखूडच देते. शेपटीच्या दोन्ही अंगांची हाडं एकमेकांपासून लांब असावीत, अरुंद असली की विताना वासरू अडतं. वासरू आईच्या मागे मोकळं चालू द्या, ओढून नेलेल्या वासराची चाल कळत नाही.

जातीची लक्षणं याआधीच तपासून घ्या: पांढरा रंग, लांब निमुळतं डोकं, बदामी डोळे, आखूड बोथट शिंगं, गळ्याखाली मोठी लोंबती पोळी, मागच्या गुडघ्याच्या थोडी खाली पोचणारी आखूड शेपटी. शिंगं खरवडून रंगवलेली असतील तर बुडाशी बोट फिरवा.

आजार वाटू नका

एका कासेला लावलेला हात तसाच दुसरीला लावला तर दगडीचे जंतू परीक्षकच वाटतो. प्रत्येक जोडीनंतर हात धुवा. 2022 च्या लम्पीच्या साथीत जनावरांचे बाजार आणि प्रदर्शनं बंद ठेवावी लागली होती, हे आयोजकांनी विसरू नये. लसी किमान तीनचार आठवडे आधी टोचलेल्या हव्यात. तीन आठवड्यांच्या आतलं वासरू आणू नका. घरी परतल्यावर जोडी पंधरा ते एकवीस दिवस इतर गुरांपासून वेगळी बांधा, पाण्याची टाकीही वेगळी.